विजेरीची कळ

आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडांत दाराच्या चौकटीशेजारीं, आंतल्या बाजूस, एक खिळा आहे. घर घेतलें तेव्हां पंचांग टांगण्यासाठीं तो ठोकला होता. परंतु पंचांग पुढें देवघराजवळ गेलें आणि खिळ्यावर विजेरी आली. त्या खिळ्यावर कोणती विजेरी असावी या प्रश्नावरून आमच्या घरांत गेलें वर्षभर जो खल झाला, तो एखाद्या शास्त्रार्थसभेंत शोभला असता. विषय क्षुल्लक आहे असें कित्येक वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेंच वाटत होतें. पण त्यापायीं घरांतील एका माणसाचें मनगट मोडलें, आणि मग त्याला क्षुल्लक म्हणण्याची सोय उरली नाहीं.

हकीकत अशी. गेल्या आषाढांत एका रात्रीं अडीचच्या सुमारास वीज गेलेली होती आणि पाऊस कोसळत होता. खालच्या मजल्यावरील आजोबांच्या छातींत कळ आली म्हणून त्यांच्या सूनबाई दार ठोठावूं लागल्या. आमची इमारत तीन मजली, जुनी, लिफ्टवांचूनची. आम्ही राहतों सर्वांत वर. खिळ्यावर त्या वेळीं आमच्या चिरंजीवानें ठाण्याहून आणून दिलेली नवी विजेरी होती. काळ्या ॲल्युमिनियमची, वीतभरही नव्हे एवढी आंखूड. आणि तिची कळ अंगावर कोठेंही नसून अगदीं बुडाशीं, रबरी टोपीखालीं. आम्हीं ती दाबली. उजेड असा पडला कीं डोळे दिपले. जिन्यांत उतरतांना विजेरी नीट धरावी म्हणून अंगठा किंचित् रेटला गेला, तों उजेड मंद झाला. पुन्हां रेटला, तों आणखी मंद. आणि तिसऱ्या वेळीं ती विजेरी वळवाच्या विजेप्रमाणें लखलखूं लागली. क्षणांत लख्ख, क्षणांत काळोख. सौ. आमच्या मागून औषधांची पेटी घेऊन येत होत्या. त्या लखलखाटांत त्यांना एका पायरीच्या दोन दिसल्या. उजवें मनगट मोडलें. आजोबांचें दुखणें पित्ताचें निघालें आणि सकाळीं ते चहा पीत बसलेले आम्हीं पाहिले, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

दुसऱ्या दिवशीं चिरंजीव आले. आईच्या हाताला प्लॅस्टर पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण विजेरीची बाजू त्यांनीं सोडली नाहीं. "बाबा, तुमच्याकडून बटण अर्धवट दाबलं गेलं. अर्धवट दाबलं कीं उजेडाची पायरी बदलते. तें तसंच असतं." सौ. अंथरुणावरून म्हणाल्या, "मग अर्धवट दाबलं कीं नाचणारी वस्तू रात्रीं दारामागे टांगूं नये, एवढं तरी तुमच्या लक्षांत यायला हवं होतं." हें वाक्य दोघांपैकीं कोणास उद्देशून होतें तें आम्हीं विचारलें नाहीं.

आम्हीं जन्मभर मास्तरकी केली. उत्तरपत्रिका वाचल्यावांचून विद्यार्थ्यास नापास करावयाचें नाहीं हा आमचा नियम. तेव्हां या बुडाच्या कळीची परीक्षा रीतसर घ्यावयाची असें ठरविलें, आणि घरांतल्या, शेजाऱ्यांच्या व चिरंजीवांच्या मित्रांच्या मिळून सातआठ विजेऱ्या गोळा करून वर्षभर वापरून पाहिल्या. त्या अनुभवाचें हें निवेदन आहे.

आमच्या लहानपणीं, म्हणजे १९६५ ते ७० च्या काळांत, कल्याणास पारनाक्यावरील वाड्यांत आमच्या वडिलांची एक पितळी विजेरी होती. तिला घरांत सगळे 'बॅटरी' म्हणत. पोटांत दोन जाडे सेल, तोंडाशीं भिंग, आणि कुशीवर पुढेंमागें सरकणारी एक कळ. त्या कळीच्या पुढें मुगाएवढें लाल बोंड. कळ पुढें सरकविली कीं दिवा लागून राही. बोंड दाबलें तर दाबून धरीपर्यंतच उजेड. आम्हां मुलांना हात लावण्याची परवानगी होती ती बोंडालाच, कळीला नाहीं. कारण मुलें कळ सरकवून विसरतात आणि सकाळीं सेल मेलेले सांपडतात. परसांत विंचू निघे. बोंड दाबावें, विंचू पाहावा, बोंड सोडावें, अशी आमची रीत होती.

हें बोंड म्हणजेच विजेरीचें मूळ रूप होय, ही गोष्ट आम्हांस पुष्कळ उशिरां वाचनांत आढळली. न्यूयॉर्क येथें राहणाऱ्या डेव्हिड मिसेल नांवाच्या कारागिरास १० जानेवारी १८९९ रोजीं नळीच्या आकाराच्या विजेरीचें पेटंट मिळालें, आणि तें त्यानें कॉनरॅड ह्यूबर्ट याच्या कंपनीस दिलें. हीच कंपनी पुढें एव्हरेडी या नांवानें जगभर गाजली. त्या काळचे कोरडे सेल इतके दुबळे कीं दिवा सतत ठेवला तर ते लगेच थकत. म्हणून क्षणभर दाबावें, पाहावें, सोडावें आणि सेलास विसावा द्यावा अशीच योजना होती. अमेरिकेंत तिला 'फ्लॅशलाइट', म्हणजे क्षणभर चमकणारा दिवा, असें नांव पडलें तें यामुळें. इंग्रजांनीं मात्र तिला 'टॉर्च' म्हणजे मशाल म्हटलें. वस्तूचा स्वभाव अमेरिकनांनीं ओळखला; तिचा डौल इंग्रजांनीं.

आतां कळ बुडाशीं कां गेली तें सांगावयास हवें. विजेचा प्रवाह हा फेरा पूर्ण झाल्यावांचून चालत नाहीं. सेलाच्या पुढच्या टोंकाकडून तो दिव्यांत जातो, दिव्यांतून बाहेरच्या धातूच्या नळींत येतो, आणि नळींतून मागें बुडाशीं जाऊन स्प्रिंगेच्या वाटेनें सेलांत परत शिरतो. या फेऱ्यांत कोठेंही एक जागा तोडली कीं दिवा विझतो. जुन्या विजेरींत ही जागा कुशीवर होती; त्यासाठीं नळीला भोंक पाडावें लागे, आणि त्या भोंकांतून पावसाचें पाणी व कोंकणपट्टीची दमट हवा आंत जाऊन पितळ हिरवें होई. बुडाचें झांकण हें तसेंही आट्यांवर फिरणारें, वेगळें निघणारें. तेथेंच कळ बसवून वर रबराची टोपी घातली कीं नळी अखंड राहते, पाणी शिरत नाहीं, आणि विजेरी सडपातळ करतां येते. युक्ति खरोखर नामी आहे. ज्यानें ती काढली त्याचा आम्हांस राग नाहीं.

परंतु बुडाच्या सर्व कळा सारख्या नसतात, आणि आमच्या जिन्यांतला घोटाळा येथेंच झाला. यांत दोन जाती आहेत. पहिल्या जातीच्या कळीवर अंगठा किंचित् दाबला कीं तत्काळ उजेड पडतो आणि अंगठा उचलला कीं जातो. तोच अंगठा 'टक' असा आवाज होईपर्यंत दाबला तर उजेड कायम राहतो. हें आमच्या वडिलांच्या विजेरीवरील बोंड आणि कळ एकत्र केल्यासारखें झालें. दुसऱ्या जातीच्या कळीचें वागणें उलट. ती 'टक' होईपर्यंत दाबावी लागते, आणि उजेड पडतो तो दाबतांना नव्हे, सोडल्यावर. एकदां दिवा लागल्यानंतर तिला अर्धी दाबली तर प्रवाह निमिषभर तुटतो. आणि आंत बसविलेली नाण्याएवढी चकती त्या खंडाचा अर्थ 'पुढची पायरी' असा घेते. मोठा, मध्यम, मंद, आणि शेवटीं तो लखलखाट. अर्ध्या मात्रेची बचत झाली तर वैयाकरणांस पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात. अर्ध्या दाबांत चार कामें भरणाऱ्या यंत्रज्ञांस तसाच कांहीं आनंद होत असावा. मात्र सूत्रावर भाष्य लागतें. तें आमच्या विजेरीबरोबर आलेल्या कागदावर तिळाएवढ्या अक्षरांत होतें, आणि तेंही चिनी भाषेंत.

दुसऱ्या जातीची कळ ज्यांच्या हातांत रोज असते त्यांना ती फार सोयीची वाटते हें आम्ही मान्य करतों. चिरंजीव रात्रीं माहुलीचा किल्ला चढावयास जातात. वाटेवर मंद, कड्याशीं मोठा, नकाशा पाहतांना पुन्हां मंद, असें एका अंगठ्यानें त्यांना करतां येतें. पण दारामागची विजेरी ही रोजची वस्तू नव्हे. ती चार महिन्यांनीं एकदां, झोंपेंतून उठून, घाबऱ्या माणसाच्या हातीं येणारी वस्तू आहे. तिच्या कळीनें स्पर्श होतांच उजेड द्यावा; पुढची पायरी कोणती तें तिनें विचारूं नये.

क्षणभर उजेड देणाऱ्या कळीचें मोल आम्हांस एका रात्रीनें शिकविलें आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस ठाणें जिल्ह्यांतला कोणीही विसरणार नाहीं. उल्हास आणि वालधुनी या दोन्ही नद्या फुगल्या, गाड्या बंद पडल्या, आणि माणसें रुळांवरून अंधारांत चालत घरीं निघालीं. आम्ही त्या वेळीं कल्याणांतील एका शाळेंत होतों. पालक येऊं शकले नाहींत अशीं एकोणीस मुलें वरच्या मजल्यावर आमच्याबरोबर राहिलीं. शिपायाची एक जुनी, कुशीवर कळ व बोंड असलेली विजेरी तेवढी होती. तिचे सेल अर्धे संपलेले. आम्हीं कळ सरकविलीच नाहीं. मूल पाणी पिण्यास उठलें कीं बोंड दाबावयाचें, तें परत जागेवर आलें कीं सोडावयाचें. मधूनच कोणी मुसमुसूं लागलें तर त्याच्या तोंडावर नव्हे, छतावर क्षणभर उजेड टाकावयाचा. पहाटेपर्यंत अंगठा बधिर झाला, पण सेल पुरले. त्या विजेरींत नुसती सरकती कळच असती, किंवा पुरतें दाबून सोडल्यावांचून न पेटणारी बुडाची कळ असती, तर ती रात्र कशी गेली असती तें सांगवत नाहीं.

त्यानंतरचीं कांहीं वर्षें भारनियमनाचीं. मुंबईंत दिवे झगमगत असत आणि मुलुंडची हद्द ओलांडली कीं ठाण्यापासून पुढें पाळीपाळीनें काळोख. ज्या ठाकुर्लीस रेल्वेनें एके काळीं स्वतःचें वीजगृह बांधलें, तिच्या अगदीं लगतचें डोंबिवली गांव मेणबत्त्या लावून जेवीत होतें! असो, तो वेगळा विषय आहे. त्या दिवसांत विजेरी बुडावर उभी करून ठेवण्याचा उपयोग आम्हांस कळला. उजेड छतावर आदळून सगळ्या खोलींत पसरतो. समई लावल्यासारखें होतें. आतां बुडाशीं कळ आली कीं येथें अडचण उत्पन्न होते. कळ बाहेर उचललेली असेल तर विजेरी उभी राहत नाहीं, लडबडते. कळ खोल बसविली तर विजेरी उभी राहते, पण म्हाताऱ्या अंगठ्यास ती दाबतां येत नाहीं. कांहीं कारागीर दोन बाजूंस दोन कान ठेवतात आणि मध्यें कळ मोकळी सोडतात. आम्हांस ती तोड सर्वांत पसंत पडली.

अंगठ्याचा विषय निघाला आहे तर तो थोडा विस्तारानें सांगतों, कारण या परीक्षेंत आम्हांस जें खरें सांपडलें तें येथें सांपडलें. कुशीवरच्या कळीची विजेरी आपण पळी धरावी तशी धरतों: मूठ खालीं, अंगठा वर, टोंक पुढें झुकलेलें. उजेड आपोआप पायांपुढें पडतो. बुडाच्या कळीची विजेरी कट्यार धरावी तशी धरावी लागते: मूठ वळलेली, अंगठा बुडावर, हात खांद्याशीं. उजेड दूर, समोर, माणसाच्या तोंडावर पडतो. चिरंजीव ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर ज्या उंच इमारतींत राहतात तेथील रात्रपाळीच्या पहारेकऱ्यास आम्हीं मुद्दाम विचारलें. तो म्हणाला, "साहेब, मला समोरचा माणूस पाहायचा असतो, खड्डा नाहीं. मागचं बटण मला बरं." त्याचें खरें होतें. पण जिना उतरणाऱ्या साठीपुढच्या माणसास समोरचा माणूस पाहावयाचा नसतो. त्याला पायरीची कड पाहावयाची असते, आणि एका हातानें कठडा धरावयाचा असतो. कट्यार धरलेल्या हातानें पायरीवर उजेड टाकूं गेलें तर मनगट वांकडें होतें, आणि वांकडें झालें कीं अंगठ्याचा दाब ढळतो. आमची चूक केवळ आमची नव्हती, एवढें म्हणावयास आम्हांस जागा आहे.

याला उपाय निघाला तो सौ. च्या डाव्या हातांतून. उजवा हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्यें. डाव्या अंगठ्याच्या मुळाशीं जुना संधिवात. बुडाची कळ त्यांना अंगठ्यानें दाबवेना. एके संध्याकाळीं त्यांनीं विजेरी हातांत पळीसारखीच धरली, बूड कमरेच्या हाडाशीं टेंकविलें आणि शरीराच्या भारानें कळ 'टक' करून लाविली. मग विजेरी तशीच पळीसारखी पुढें धरून चालूं लागल्या. आम्हीं थक्क होऊन पाहत राहिलों. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना दाखविलें तर त्या म्हणाल्या, "त्यांत काय नवल? मी तर देव्हाऱ्याच्या कडेला टेंकवून दाबतें." म्हणजे लाविण्याची मूठ निराळी आणि चालण्याची मूठ निराळी असूं शकते, आणि ही गोष्ट शक्य होते ती 'टक' झाल्यावर कायम राहणाऱ्या, आणि चालतां चालतां चुकून अर्धी दाबली गेली तरी न बिथरणाऱ्या कळीमुळेंच.

ठाण्यांतला आणखी एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली; कळवा आणि पडघे यांच्यामधील मोठ्या वाहिन्यांत बिघाड झाला होता. लोकलगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. चिरंजीवांच्या इमारतींत जनरेटर होता, तोही कांहीं वेळानें थांबला. बाहेर लख्ख ऊन, आणि इमारतीच्या पोटांतला जिना मात्र दिवसाढवळ्या काळाकुट्ट. त्याला खिडकीच नाहीं. सूनबाई विजेरी शोधूं लागल्या. ती खणांत सांपडली, पण मेलेली. चिरंजीवांच्या पाठपिशवींतून ती खणांत आली होती, आणि पिशवींत असतां कसल्याशा दडपणानें बुडाची कळ दाबली जाऊन रात्रभर पेटत राहिली होती. बुडाच्या कळीचा हा दोष ठरलेलाच आहे. बाहेर उचललेली असेल तर अधिक. त्यावर उपाय सोपा. प्रवासांत बुडाचें झांकण अर्धा आटा सैल करून ठेवावें. चांगल्या विजेरीच्या आट्यांवर वीज न वाहूं देणारा थर असतो, त्यामुळें झांकण सैल झालें कीं फेरा तुटतो आणि कळ कितीही दाबली तरी दिवा लागत नाहीं. मात्र घरीं आल्यावर तें पुन्हां आवळण्याची आठवण ठेवावयास हवी. दारामागच्या विजेरीचें झांकण सैल ठेवणें म्हणजे विहिरीचा दोर तोडून ठेवणें.

मोबाइलमध्यें दिवा असतां विजेरी कशाला, असें तरुण मंडळी विचारतात. त्यांना आमचें एवढेंच सांगणें कीं ओल्या हातानें तो लावून पाहावा.

उजेडाच्या बाबतींत मात्र आम्ही पूर्णपणें नव्या पक्षाचे आहोंत. निळा प्रकाश देणाऱ्या कणाचा शोध लागला आणि त्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा उजेड साधतां आला. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या वडिलांच्या विजेरींतला तांबूस ठिपका आठवला म्हणजे तें सर्वथा योग्य वाटतें. पण उजेड फार झाल्यानेंही माणूस आंधळा होतो, हें आम्हीं जिन्यांत अनुभविलें. झोंपेंतून उठलेल्या डोळ्यांस पहिला उजेड मंद हवा. मंदापासून चढत जाणारी विजेरी मिळते. मोठ्यापासून उतरत येणारी दारामागें नको.

वेदान्तांत एक दृष्टान्त नेहमीं येतो: दिवा पाहण्यास दुसरा दिवा लागत नाहीं. हा दृष्टान्त रचणाऱ्यास विजेरी ठाऊक नव्हती. अंधारांत विझलेली विजेरी शोधण्यास दुसरा दिवा लागतोच! म्हणून खिळा हवा, आणि तो कधीं बदलूं नये. कांहीं कारागीर बुडाच्या रबरी टोपींत दिवसा उजेड पिऊन रात्रीं हिरवट चमकणारें द्रव्य मिसळतात. हा थिल्लर शोभेचा प्रकार असावा असें आम्हीं प्रथम मानलें होतें. आतां तो शब्द परत घेतों. खोलींतले दिवे मालवल्यावर पुढें बराच वेळ खिळ्याजवळ तो ठिपका दिसत राहतो.

या सर्व छाननीनंतर दिवाळीपूर्वीं आम्ही दोघें स्टेशनाजवळच्या एका दुकानांत गेलों. दुकानदार आमचा जुना विद्यार्थी निघाला. आम्हीं एकामागून एक विजेरी घेऊन डोळे मिटून कळ दाबीत होतों आणि 'टक' ऐकत होतों. तो हंसून म्हणाला, "सर, विजेरी घेतां कीं पेन?" सौ. मात्र बोलल्या नाहींत. त्यांनीं प्रत्येक विजेरी कमरेशीं टेंकवून पाहिली, आणि अकरावी कीं बारावी पसंत केली: पहिल्या जातीची कळ, दोन कान, एकच मध्यम उजेड, लखलखाट नाहीं. चिरंजीवांनीं ती पाहून "अगदींच साधी आहे" असा अभिप्राय दिला.

आतां खिळ्यावर तीच आहे. वडिलांची पितळी विजेरी टाकून देणें जिवावर आलें. चिरंजीवांनीं तिच्यांत जुन्या दिव्याच्या जागीं बसणारा नवा दिवा घालून दिला, आणि ती देवघरांत असते. तिचें लाल बोंड अजून चालतें.

गेल्या पंधरवड्यांत रात्रीं एकच्या सुमारास वीज गेली आणि खालून कोणी तरी हांक मारली. आम्ही चष्मा शोधीत असतांनाच दाराशीं 'टक' असा आवाज झाला. सौ. विजेरी पळीसारखी धरून, डावा हात कठड्यावर ठेवून, पहिल्या पायरीवर उभ्या होत्या.

"अहो, चला," त्या म्हणाल्या, "मी पुढें होतें."